यंत्राने वाचलेला आकडा

मुलांनो, एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. सकाळी बाई येतात आणि फळ्यावर लिहितात, की मधली किती जागा सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची. तुम्ही ते एकदा वाचता, लक्षात ठेवता आणि त्याप्रमाणे बसता. दुपारी कोणी गुपचूप येऊन फळ्यावरचा आकडा बदलला, तर तुम्ही उठून बाकं सरकवाल का? नाही सरकवणार. तुमच्या डोक्यात सकाळचाच आकडा आहे. नवा आकडा तुम्ही वाचाल तो दुसऱ्या दिवशी, वर्ग पुन्हा भरेल तेव्हा.

एवढं ध्यानात ठेवा, आणि मग ऐका. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो.

फोन शुक्रवारी सकाळी आला. कोलकात्यात एस्प्लनेडला एका मोठ्या विमा कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. तिथे दक्षता विभागात वैदेही सबनीस नुकत्याच येऊन बसल्या होत्या.

"वैदेही सबनीस का?"

"बोलतेय."

"मी कादंबरी उकिडवे. श्रीधर उकिडव्यांची मुलगी. फोन ठेवू नका हं, प्लीज."

वैदेहीबाईंच्या टेबलावर त्याच नावाची फाइल उघडी होती.

"बोल."

"आज चार वाजता ते लोक मशीन बंद करून पुन्हा सुरू करणार आहेत. तसं केलं की मशीनला आधीचं काहीच आठवत नाही. बाबांनी मला शिकवलंय. त्याच्या आत तुम्ही ते बघा. नाहीतर बाबांनीच त्या मुलाला मारलं, असं कायमचं होईल."

"चार वाजता, हे तुला कोणी सांगितलं?"

"सलीलकाकांनी. काल हॉस्पिटलमध्ये. आईला म्हणाले, उद्या चारनंतर सगळं निवळेल, वहिनी."

वैदेहीबाईंनी पर्स उचलली.

काय झालं होतं ते आता सांगतो. कंपनीचं संगणक केंद्र सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये. तिथे एक मेनफ्रेम आहे. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा, हजारो लोकांची कामं एकाच वेळी उरकणारा संगणक. मोठ्या शस्त्रक्रियेआधी दवाखाने कंपनीला मंजुरी विचारतात, आणि तिचं उत्तर हा मेनफ्रेम देतो. मंगळवारी भर दुपारी तो गुदमरला. सगळी कामं मिळून जी मेमरी वापरतात, ती सामायिक मेमरी संपली. उत्तरं थांबली. एका दवाखान्यात रोहन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर पडून राहिला. मंजुरी नाही म्हणून त्याला आत घेतलं नाही. संध्याकाळी मंजुरी आली, तोवर रोहन गेला होता.

बुधवारी केंद्राचे प्रमुख सलील ताम्हाणे यांनी कारण शोधून काढलं. मेनफ्रेमच्या पॅरामीटर फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना तो वाचतो त्या यादीत, सामायिक मेमरीचा आकडा कापून अगदी लहान केलेला होता. त्यापुढे शनिवारची तारीख होती आणि नाव श्रीधर उकिडव्यांचं. रविवारी मेनफ्रेम नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू केला होता. मंगळवारी तो गुदमरला. सगळं जुळत होतं.

श्रीधरना सगळ्यांसमोर उभं केलं. त्याच खोलीत रोहनच्या वडिलांनाही आणून बसवलं होतं. ते काही ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "घरी मुलं आहेत का तुम्हाला?" श्रीधर "मी नाही केलं" असं म्हणायला गेले आणि वाक्याच्या मध्येच त्यांची जीभ वळेनाशी झाली. उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून ते हॉस्पिटलमध्ये आहेत. ऐकू येतं, कळतं, बोलता येत नाही.

ज्याला "मी नाही" एवढंही म्हणता येत नाही, त्याच्यावर आरोप ठेवणं किती सोपं असतं, नाही का?

*

उकिडव्यांचं घर सॉल्ट लेकमध्येच होतं. कादंबरीची आई मधुरा कपडे न्यायला घरी आली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"विचारा काय विचारायचं ते," ती म्हणाली. "जिन्यात लोक तोंड फिरवतात. निदान तुम्ही समोर येऊन विचारताय."

कादंबरी सातवीतली. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, पाणी आणू?"

"मावशी नको. आज मी चौकशीला आलेय. मॅडम म्हण."

मुलीचा चेहरा पडला. मधुरा म्हणाली, "तिचं चुकलं नाही हो. इथे मराठी बोलणारं माणूस भेटायची मारामार. भेटलं की लगेच काका, मावशी. मीच लावलीय सवय."

"मंगळवारी संध्याकाळी बाबा घरी आले. मग?" वैदेहीबाईंनी मुलीला विचारलं.

"जेवले नाहीत. त्या मुलाचं कळलं होतं ना. बुटांसकट पलंगावर पडले आणि झोपले," कादंबरी म्हणाली.

"तुम्ही कुठे होता?" वैदेहीबाईंनी मधुराला विचारलं.

"शिकवणीला. उशिरा आले."

"बाबांनी लॅपटॉप उघडला?"

"नाही. बॅगेतच होता."

"पण त्या संध्याकाळी तुझ्या बाबांच्या नावाने कोणीतरी मेनफ्रेममध्ये शिरलंय. तशी नोंद आहे. ताम्हाणे म्हणतात, पुरावा पुसायला ते घरून आत शिरले."

"झोपलेला माणूस?" कादंबरी म्हणाली. "घोरत होते, मॅडम."

वैदेहीबाई हसल्या नाहीत. "आत शिरायला पासवर्ड लागतो, शिवाय टोकन लागतं. बाबांचं टोकन कुठे असतं?"

मुलीने बॅगेला किल्लीसारखं अडकवलेलं एक छोटंसं यंत्र दाखवलं. त्याच्या काचेवर एक आकडा होता, आणि बघता बघता तो बदलून दुसरा आला. दर मिनिटाला नवा आकडा येतो. तो टाकल्याशिवाय त्या माणसाच्या नावाने कोणालाच आत जाता येत नाही.

"हे घराबाहेर गेलं होतं?"

"नाही."

"घरी कोणी आलं?"

"नाही."

"फोन?"

कादंबरीने आईकडे पाहिलं. "सलीलकाकांचा आलेला. बाबांच्या मोबाईलवर. मीच घेतला."

"काय म्हणाले?"

"बाबा कसे आहेत विचारलं. मी बोलले, झोपलेत. तर म्हणाले, झोपू दे गं कादू, फार सोसलंय त्याने आज. बाकीचं मी बघतो."

"आणखी?"

"बस. एवढंच."

इथे जरा थांबा. मुलगी आईकडे का पाहते आहे? तिने काहीतरी गाळलं. वैदेहीबाईंनाही ते दिसलं, पण त्यांनी ओढून काढलं नाही. दुसरा प्रश्न विचारला.

"ताम्हाणेंना बाबांचा पासवर्ड ठाऊक असेल?"

मधुरा म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी बसतात. ह्यांच्या आजारपणात कामही तेच करायचे. सलीलभावजींची तिसरी पिढी कोलकात्यात. आम्ही बदलीवर नवे आलो तेव्हा घर त्यांनी शोधून दिलं, हिची शाळाही. कालही ह्यांच्या उशाशी बसून त्यांनी चमच्याने पाणी पाजलं."

"मी केंद्रावर जातेय," वैदेहीबाई म्हणाल्या.

"मी येते," कादंबरी म्हणाली. आई नको म्हणाली. मुलीने तोवर चपला घातल्या होत्या.

*

केंद्राच्या खोलीत हुडहुडी भरेल एवढा गारवा होता. कन्सोलवर, म्हणजे मेनफ्रेमला हुकूम द्यायच्या जागेवर, लीना दास बसली होती. सलील ताम्हाणे मागे उभे होते. पांढरा शर्ट, चेहरा हसरा.

"कादू! अगं, तू इकडे कुठे? बस, बस. काही खाल्लंस का?" त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "वैदेहीबाई, उगाच दगदग केलीत. फाइल मी तुमच्याकडे पाठवलीच होती. चार वाजता आयपीएल करतो, की झालं."

मेनफ्रेमवाले यंत्र पुन्हा सुरू करण्याला आयपीएल म्हणतात. कादंबरी लहान असताना तिला वाटायचं, बाबा रविवारी क्रिकेट खेळायला जातात.

"आयपीएल कशासाठी?" वैदेहीबाईंनी विचारलं.

"मंगळवारपासून मशीन लंगडतंय. अर्धी कामं बंद ठेवून कसंबसं चालवतोय. श्रीधरने बिघडवलेला आकडा मी फाइलमध्ये दुरुस्त केला. आता नव्याने सुरू केलं की मोकळं होईल."

"मंगळवारनंतर एकदाही बंद केलेलं नाही?"

"नाही ना. परवानगीच मिळत नव्हती. वरिष्ठ सगळे वर्तमानपत्रवाल्यांना उत्तरं देण्यात मग्न."

"मंगळवारी तुम्ही श्रीधरच्या घरी फोन केला होता?"

"मी? छे. त्या दिवशी इथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती."

कादंबरीने मान वर केली. वैदेहीबाईंनी तिच्याकडे न पाहता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"लीना, यंत्राला विचार, तू शेवटचं कधी सुरू झालंस? आणि सुरू होताना कोणती पॅरामीटर फाइल वाचलीस?"

लीनाने हुकूम टाइप केला. कन्सोलवर उत्तर उमटलं. रविवार सकाळ. फाइल तीच.

"आता विचार, तुझी सामायिक मेमरी एकूण किती?"

"ते कशाला?" ताम्हाणे म्हणाले. "आकडा फाइलमध्ये आहेच की."

"फाइलला नाही, यंत्राला विचारतेय."

ताम्हाणे हसले. "वैदेहीबाई, तुम्ही कन्सोलवर बसायचात त्याला जमाना झाला. लीना, वेळ घालवू नकोस. चारपर्यंत थांबायचं कारण नाही, आत्ताच बंद करायला घे."

लीनाचा हात कळफलकावर अडकला. तिने दोघांकडे पाहिलं.

"तो हात उचल," वैदेहीबाई शांतपणे म्हणाल्या. "चौकशी पुरी होईपर्यंत हे यंत्र कोणी बंद करणार नाही. मी विचारलं तेवढंच टाइप कर."

लीनाने टाइप केलं. उत्तर आलं. ती खुर्चीत पुढे झुकली.

"मॅडम, हा तर मोठा आकडा आहे. पूर्वीचा."

"आता शेवटचं. ही मेमरी कोणी धरून ठेवलीय?"

कन्सोलवर नावांची रांग आली. बहुतेकांकडे थोडी थोडी जागा होती. एकाच नावापुढे प्रचंड आकडा होता, आणि त्याच्याशेजारी खूण होती: हे काम संपलेलं आहे. काम संपलं, निघून गेलं, पण घेतलेली जागा त्याने सोडलीच नव्हती. नावाची सुरुवात ताम्हाणेंच्या आद्याक्षरांनी होत होती.

ताम्हाणेंनी चष्मा काढून पुसला.

*

"मुलीला बाहेर ने, लीना," वैदेहीबाई म्हणाल्या.

"राहू दे ना," ताम्हाणे म्हणाले. "तिच्याच बापाची गोष्ट आहे. ऐकू दे."

कादंबरी हलली नाही.

"ठीक आहे," वैदेहीबाई म्हणाल्या. "फाइल सांगते, शनिवारी श्रीधरने आकडा लहान केला. यंत्र रविवारी सुरू झालं आणि त्याने तीच फाइल वाचली. शनिवारी आकडा लहान झाला असता, तर रविवारी यंत्राने लहानच वाचला असता. सुरू होताना जे वाचलं तेच ते शेवटपर्यंत पाळतं. पण आज, या क्षणी, ते मोठाच आकडा सांगतंय. म्हणजे रविवारी फाइलमध्ये मोठाच आकडा होता. लहान आकडा नंतर घातला, आणि शेजारची शनिवारची तारीख खोटी आहे. ती तारीख हाताने बदलता येते, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे."

"मग श्रीधरने नंतर घातला असेल."

"यंत्र गुदमरल्यावर? एक मुलगा मेल्यावर? स्वतःचं नाव लावून, स्वतःला अडकवणारी तारीख टाकून? कोणता माणूस असं करेल?"

ताम्हाणेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"यंत्र गुदमरलं ते तुमच्या कामामुळे. मंगळवारी दुपारी तुम्ही स्वतःचा प्रोग्रॅम चालू यंत्रावर सोडलात. तो मेमरी घेत गेला आणि परत करायचं विसरला. लीना, मंगळवारी इथे कोण आलं होतं?"

"दिल्लीचे साहेब लोक," लीना हळूच म्हणाली. "सलीलबाबू त्यांना काहीतरी नवीन दाखवणार होते. श्रीधरबाबू म्हणाले होते, चाचणी न करता दाखवू नका. यांनी त्यांना सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं होतं."

"सगळ्या गावाला हे कळणार का आता?" ताम्हाणे लीनाकडे वळून म्हणाले. लीनाने मान खाली घातली.

"संध्याकाळी मुलगा गेल्याचं कळलं," वैदेहीबाई म्हणाल्या. "तुम्ही श्रीधरच्या नावाने आत शिरून आकडा बदललात. बुधवारी तो आकडा स्वतःच 'शोधलात'. रोहनच्या वडिलांना त्या खोलीत बोलावलं कोणी, लीना?"

"सलीलबाबूंनीच."

"आणि आज चार वाजता यंत्र बंद झालं असतं, तर ते ज्या दोन गोष्टी अजून सांगतंय त्या दोन्ही गेल्या असत्या. रविवारी वाचलेला आकडा, आणि तुमच्या कामाने अडवून ठेवलेली जागा."

ताम्हाणेंनी टाळी वाजवली. एकदाच.

"छान. पण श्रीधरच्या नावाने मी शिरलो कसा? टोकन त्याच्या बॅगेला, बॅग त्याच्या घरी. आणि मी तर फोनही केला नव्हता."

"केला होता, काका," कादंबरी म्हणाली.

ताम्हाणे झटकन तिच्याकडे वळले.

"बाबांच्या मोबाईलमध्ये दिसतो तो फोन. तुम्ही म्हणालात, झोपू दे बाबाला, त्याचं राहिलेलं काम मी उरकतो. बॅगेला आहे त्याच्यावरचा नंबर वाच. मी वाचला. मग तुम्ही म्हणालात, बदलला वाटतं, पुन्हा वाच. मी पुन्हा..." आपण काय केलं, ते बोलता बोलता तिला कळत गेलं. "तुम्ही म्हणालात, आईला सांगू नकोस, तिला काळजी वाटेल."

वैदेहीबाई तिच्या आणि ताम्हाणेंच्या मध्ये उभ्या राहिल्या. तरी ताम्हाणेंनी मान वाकडी करून मुलीकडे पाहिलंच. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं, आवाज मात्र तोच होता, लाडाचा.

"मग लिहून घ्या, मॅडम. दार मुलीने उघडलं. मी नुसता आत गेलो. कादू, परवा तुझा बाबा त्या खोलीत उभा होता ना, तेव्हा तो काय विचार करत असेल सांगू? की टोकन घरात असताना आत शिरलं कोण. घरातलं कोण."

"पुरे!" लीना ओरडली आणि उठून उभी राहिली.

वैदेहीबाईंनी पोलिसांना फोन लावला. ताम्हाणेंनी शांतपणे खुर्ची ओढली, आणि मघाशी मुलीसाठी पुढे केलेल्या त्याच खुर्चीत ते स्वतः बसले.

*

हॉस्पिटलच्या जिन्यावर वैदेहीबाई थांबल्या.

"तुझा जबाब लागेल. यंत्र सांगतंय की बाबांनी केलं नाही. पण आत कोण शिरलं, हे तुझ्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. तो जबाब उद्या, आईसमोर. बाबांना मात्र हे कळायची गरज नाही. मी त्यांना एवढंच सांगेन, की तुम्ही सुटलात."

"ते विचारणार नाहीत, की आत कसे शिरले?"

"त्यांना विचारता येत नाही, बाळा."

कादंबरी काही वेळ कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मग वर गेली.

मधुरा पलंगाशी होती. वैदेहीबाईंनी श्रीधरना सगळं सांगितलं. चार वाजता यंत्र बंद झालं नाही, ताम्हाणे पोलिसांच्या ताब्यात आहेत, कंपनी आरोप मागे घेणार. मधुराने तोंडावर पदर धरला. श्रीधरच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसरा डोळा कोरडाच राहिला.

मग कादंबरी पुढे झाली.

"बाबा, नंबर मी वाचून दाखवला. काकांना. फोनवर. दोनदा."

"कादंबरी!" मधुरा म्हणाली.

श्रीधर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची मान हळूहळू फिरली आणि चेहरा भिंतीकडे गेला. त्यांनी तो मुद्दाम वळवला, की लुळं अंग आपोआप तिकडे कललं, हे मधुराला कळलं नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. वैदेहीबाईंनी मुलीला बाहेर न्यायला हात पुढे केला.

कादंबरीने तो हात घेतला नाही. ती पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती फट होती. ती तिच्यात शिरली, बाबांच्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली वाकली, आणि मंगळवारी फोन वाजला तिथपासून सगळं पुन्हा सांगू लागली.